भिंतीपलीकडची कटुर्ली

सासूबाई सोनाळ्याचं घर बंद करून आमच्याकडे मेहकरला राहायला आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत एक पत्र्याची पेटी होती आणि एक वायरची पिशवी. पेटी नवऱ्यानं बसमधून उतरवली. मी पिशवी घ्यायला गेले तर त्यांनी ती पोटाशी धरली.

"राहू दे, बाई. थे मीच आणीन."

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्यांनी पिशवीतलं जुनं लुगडं सोडलं आणि आतून सात कंद काढून फरशीवर ओळीनं मांडले. मातीनं माखलेले, वेडेवाकडे, रताळ्याच्या धाकट्या भावंडांसारखे.

"हे काय आणलं, आई?"

"कटुर्ल्याचे कांदे. डोंगराच्या बुडातून खंदून आनले."

कटुर्लं म्हणजे पुण्या-मुंबईकडे ज्याला करटोली म्हणतात ते. बोराहून मोठं, अंगावर मऊ काटे असलेलं हिरवं फळ. कारल्याच्या घराण्यातलं, पण कडू नाही. पावसाळ्यात दोनेक महिने मिळतं, मग वर्षभर नाव नाही. आमच्या बाजारात आलं की बायका भाव विचारायच्या आधी पिशवी उघडतात.

सासूबाईंचा सगळा जन्म सातपुड्याच्या पायथ्याशी गेला. लोकांच्या शेतात निंदण-खुरपण करायचं आणि परतताना बांधाबांधानं हिंडून ओटीभर कटुर्ली घरी आणायची, हा त्यांचा पावसाळा. पण कटुर्लं त्यांनी कधी लावलं नव्हतं. आपसूक उगवणारी गोष्ट कोण लावतो? आता दोन्ही गुडघे धरले होते, डॉक्टरांनी खाली बसायची मनाई केली होती आणि बांध चाळीस कोसांवर राहिले होते. म्हणून त्यांनी बांधच थोडासा उकरून सोबत आणला होता.

मी शाळेत मराठी शिकवते, नवरा एसटीत वाहक. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत आमचं घर आहे. घराच्या मागची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये आठ फुटांची एक पट्टी आहे, तिच्यात मी पाच गुलाब लावले होते. दुसऱ्या दिवशी सासूबाई काठी टेकत तिथे गेल्या आणि बराच वेळ गुलाबांकडे बघत उभ्या राहिल्या.

"हे खाता येते का?"

"नाही आई, फुलांसाठी आहेत."

"मंग त्यायले कुंडीत राहू दे."

दोन दिवसांत माझे गुलाब गच्चीवर गेले. मला राग आला होता. मी नवऱ्याजवळ कुरकुर केली, तर तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "मायनं आल्यापासून पहिल्यांदा काही मांगलं. करू दे न." एवढं बोलून तो ड्यूटीवर निघून गेला.

कंद मातीत गेले आणि नंतर चार महिने काहीच घडलं नाही. उन्हाळाभर ती पट्टी सात काड्या खोचलेली, उघडीबोडकी राहिली. मी कधी पाण्याची बादली घेऊन गेले की सासूबाई घरातून ओरडायच्या, "पानी नको टाकू! झोपेल हायेत थे." त्या स्वतः मात्र रोज सकाळी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काठी टेकत दहा फेऱ्या मारायच्या. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यांनी कधी केला नसता, पण झोपलेल्या कंदांवर पहारा करता करता तो आपोआप झाला.

जूनच्या शेवटी सातांपैकी पाच उगवले. दोन घुशीनं नेले असावेत. मी बाजारातून नायलॉनची जाळी आणते म्हटलं, तर सासूबाईंनी ती उडवूनच लावली. जुन्या साडीच्या चिंध्या, मच्छरदाणीचे दोन दांडे आणि गच्चीवर पडलेली केबलची वायर एवढ्या सामानात त्यांनी मांडव उभा करवला. उभा मी केला. त्या खुर्चीत बसून काठीनं दाखवत होत्या. पंधरा दिवसांत वेल भिंतीच्या डोक्यावर पोचले आणि पलीकडे उतरायला लागले. भांडणाला तिथून सुरुवात झाली.

भिंतीपलीकडे एक निवृत्त गृहस्थ राहतात. सरकारी कचेरीत कारकून होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी नागपूरला असते, त्यामुळे घरात ते एकटेच. बागेत पूजेपुरती फुलं, अंगण आरशासारखं. आमच्या फाटकावर पंचशीलाचं चिन्ह आहे, त्यांच्या दारावर गणपतीची फरशी. सहा वर्षांच्या शेजारात आमचं बोलणं म्हणजे नळ आला का, लाइट कुठपर्यंत गेली आहे, एवढंच. तेही फाटकातून. आमच्याकडे ते पाणीही कधी प्याले नव्हते. कारण कुणी काढलं नव्हतं, पण दोन्ही घरांना ते ठाऊक होतं असं मी धरून चालले होते.

तर हे काका दर रविवारी सकाळी आंघोळ झाल्यावर कात्री घेऊन यायचे आणि भिंतीवरून उतरलेली वेलाची टोकं कापायचे. कापलेले तुकडे वर्तमानपत्रात नीट गुंडाळून भिंतीवर आमच्या बाजूला ठेवायचे. भिंत सहा फुटांची. आम्हाला फक्त कात्रीचा आवाज यायचा आणि मग पुडकं दिसायचं.

पहिल्या रविवारी सासूबाई गप्प राहिल्या. दुसऱ्या रविवारी भिंतीला तोंड लावून म्हणाल्या, "काऊन कापता, भाऊ? वाढत्या येलाले कोनी कात्री लावते का?"

पलीकडून शांत आवाज आला, "बाई, माझ्याकडे एक दुसरा वेल आहे. तुमचा त्याच्यावर चढला तर तो दबेल."

"कोनचा येल?"

"आहे एक."

आणि चपलांचा आवाज घरात गेला. त्यानंतर सासूबाईंनी रोज संध्याकाळी मला अहवाल द्यायला सुरुवात केली. आज किती टोकं पलीकडे गेली, रविवारी किती कापली जातील. काकांचा उल्लेख त्या फक्त 'थो कात्रीवाला' असा करायच्या.

जुलै संपता संपता वेलांवर पिवळी फुलं आली. कटुर्ल्याची फुलं दिवेलागणीला उमलतात. मी शाळेतून आले की आम्ही दोघी चहा घेऊन पट्टीत बसायचो. रोज दहा-वीस फुलं उघडायची, मंद वास सुटायचा. फळ मात्र एकही दिसेना. आठवडा गेला, दहा दिवस गेले. एका संध्याकाळी सासूबाईंनी एकेक फूल बोटानं उलटं करून पाहिलं आणि आत आल्या. जेवताना म्हणाल्या, "वांझ निंघाले. पाचही वांझ."

आणि त्यांचा घास हातातच राहिला.

आम्हाला मूल नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत सोनाळ्याला गेले की हा शब्द माझ्या कानावर यायचा. सासूबाईंच्या तोंडून कधीच नाही. उलट एकदा हातपंपावर एक बाई हे बोलली, तेव्हा तिची भरलेली घागर त्यांनी ओतून दिली होती आणि वर्षभर तिच्याशी अबोला धरला होता. मला हे फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. आता तोच शब्द त्यांच्याच तोंडून ताटावर पडल्यासारखा झाला होता.

"तसं नाई म्हनलं म्या, बाई."

"माहीत आहे मला, आई."

नवरा ताटातल्या वरणाकडे असं बघत होता, जणू त्यात काही लिहिलेलं आहे. एका वेलापायी आम्ही तिघं इतकी गंभीर होऊन बसलो होतो की मला हसूच फुटलं. मग नवरा हसला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. जेवण झाल्यावर मी मोबाइलवर शोधाशोध केली आणि त्यांच्या खाटेवर जाऊन बसले.

"आई, ते वांझ नाहीत. नर आहेत. या वेलात नर वेगळा असतो, मादी वेगळी. फळ मादीला लागतं."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे म्या पाचही गडीच आनले?"

"हो."

"पाच गडी अन् बाई एकही नाई!" आता त्यांना हसू आवरेना. "थे काय सयपाक करतीन?"

त्या दिवसापासून वेलाला वांझ म्हणायची आमच्याकडे बंदी झाली. वस्तीतली एखादी बाई बोललीच तर सासूबाई तिला थांबवून नर-मादीचा पूर्ण धडा द्यायच्या, माझ्यापेक्षा चांगला.

पण मादी आणायची कुठून? बाजारात डोंगराकडच्या बायका फळं आणतात, कंद नाही. आता उकरायला सोनाळ्याला जायचं तर मोसम निघून जाणार. या विचारात पुढचा रविवार उजाडला आणि भिंतीपलीकडे कात्री वाजायला लागली.

मी कपडे वाळत घालत होते. मागे वळून पाहते तर सासूबाईंनी माझी धुण्याची बादली पालथी घातलेली आणि त्या तिच्यावर उभ्या! गुडघे धरलेली बाई, तीही ओल्या बादलीवर. मी "आई!" म्हणेपर्यंत त्यांचं डोकं भिंतीच्या वर गेलं होतं आणि बादली खालून सटकली होती. त्या दोन्ही कोपरांवर भिंतीला लटकल्या. पलीकडे कात्री फरशीवर पडल्याचा आवाज झाला. काकांनी झटकन त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि मी इकडून कंबरेला मिठी मारली.

अशा अवस्थेत माणूस 'वाचवा' तरी म्हणेल. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, थे तुमच्या मांडवावर काय हाय?"

"बाई, आधी खाली उतरा!"

"थे कटुर्लंच हाय! अन् मादी हाय! पाहा न, फुलाच्या खाली गाठ हाय, काटे हायेत तिले!"

"बाई, हात सुटेल माझा!"

"मी धरलंय काका, तुम्ही सोडा," मी ओरडले. ते सोडेनात. शेवटी मी पायानंच बादली ओढली, पुन्हा पालथी केली आणि त्यांचा एकेक पाय टेकवून त्यांना खाली घेतलं. कोपरं खरचटली होती, बाकी काही नाही. मी त्यांना ओट्यावर बसवते तोच फाटक वाजलं. काका आत आले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा. हातात कापूस आणि औषधाची बाटली होती, आणि श्वास सासूबाईंपेक्षा त्यांनाच जास्त लागला होता.

कोपरांना औषध लावून झाल्यावर ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. तो कंद काकूंनी माहेराहून आणला होता, मलकापूरजवळच्या एका खेड्यातून. लावला आणि त्याच वर्षी त्या गेल्या. वेल दर पावसाळ्यात वर येतो. फुलं येतात, फुलाखाली इवलीशी फळं दिसतात आणि चार दिवसांत पिवळी पडून गळतात. काकांनी राख घातली, ताक घातलं, दुकानातून कसलीशी पावडर आणून घातली.

"मला वाटलं, माझ्या हाताला गुण नाही," ते म्हणाले. "तिच्या हाताला होता."

सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. आवाज अगदी मऊ करून त्या म्हणाल्या, "हात चांगला हाय तुमचा, भाऊ. पन थो येल तीन सालापासून एकलाच हाय." आणि मग त्यांच्याच्यानं राहवलं नाही. "अन् जे त्याच्या सोबतीले चाललं होतं, थे तुमी दर इतवारी कापून राह्यले!"

काकांनी एकदा आमच्या वेलांकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या ताज्या पुडक्याकडे. आणि ते हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसत हसले. सहा वर्षांत मी त्यांचं हसणं ऐकलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सासूबाई काकांच्या अंगणात खुर्चीवर बसल्या. मी आमच्या वेलांवरची नर फुलं वाटीत तोडून नेली. काकांनी हात धुऊन, वाचायचा चष्मा लावून पहिलं फूल चिमटीत धरलं.

"पाकळ्या मांगं करा. आता थो पिवळा भाग तिच्या मधात लावा. हळू. लहान लेकराले पावडर लावता तसं."

काकांना एक अडचण होती. दोन बायकांसमोर नर आणि मादी हे शब्द उच्चारायला ते लाजत होते. "हे फूल त्या फुलाला लावायचं ना?" असं ते दर वेळी विचारायचे आणि सासूबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "हाव, नराचं मादीले!" कोणत्या फुलाला लावलं ते कळावं म्हणून दोरा हवा होता. काका आत जाऊन काकूंच्या शिलाई मशीनच्या खणातलं लाल रीळ घेऊन आले. अकरा फुलांना अकरा दोरे बांधले तोवर अंधारून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भिंतीवरून आवाज आला, "बाई, हिरवी आहेत!" तिसऱ्या दिवशी, "अजून हिरवी आहेत!" चौथ्या दिवशी मी दात घासत होते, तेव्हा ते इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "टिकली! नऊ टिकली!" सासूबाई काठी न घेताच भिंतीपर्यंत गेल्या.

मग रोज संध्याकाळचा तो कार्यक्रमच झाला. दोन आठवड्यांनी काका स्टीलच्या ताटात कटुर्ली घेऊन आमच्या फाटकाशी आले. हिरवीगार, कोवळी, एकसारखी. ताट त्यांनी सासूबाईंपुढे धरलं.

"मला करता येत नाहीत. तुम्हीच करून खा."

"असं कसं? जेवाले या मंग."

काकांनी ताटातलं एक कटुर्लं सरळ केलं. मी ताटाकडे पाहत होते, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं मी टाळलं.

"येतो," ते म्हणाले. "किती वाजता?"

त्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. कटुर्ल्याच्या पातळ चकत्या केल्या, त्यातल्या निबर बिया काढल्या. लोखंडी तव्यावर तेलात लसूण, हिरवी मिरची आणि कांदा टाकला आणि चकत्या खमंग होईपर्यंत परतत राहिल्या. झाकण ठेवायचं नाही, नाहीतर भाजी लिबलिबीत होते, हा त्यांचा कायदा. सोबत ज्वारीची भाकर. काका इस्त्रीचा सदरा घालून, ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी आले. पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. आम्ही तिघंही थांबलो.

"चांगली झाली आहे," ते सावकाश म्हणाले. "फार चांगली. ती मात्र तीळ घालायची."

मला वाटलं, सासूबाईंना लागेल. त्यांनी उलट खुर्ची पुढे ओढली. "फोडनीत का वरून?"

"ते मला माहीत नाही. मी फक्त खायचो."

नवऱ्याला ठसका लागला. काकाही हसले आणि त्यांनी दुसरी भाकर घेतली. पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी भाजी दोन्ही तऱ्हांनी करून पाहिली. तीळ भाजून, कुटून, वरून घालायचे असं ठरलं. आता आमच्या घरीही ती तशीच होते.

पहिल्या दिवशी काका जेवून गेल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "पानी पेले न थे?"

"दोन गिलास पेले," नवरा म्हणाला. त्या विषयावर आमच्या घरात झालेलं हे एवढंच बोलणं.

या वर्षी ऐन फुलांच्या दिवसांत सासूबाईंना बहिणीच्या नातवाच्या नामकरणासाठी आठ दिवस सोनाळ्याला जावं लागलं. बसमध्ये बसेपर्यंत त्या मला सूचना देत होत्या. संध्याकाळी काका आणि मी वाटी घेऊन उभे राहिलो, तोच त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे पाहुण्यांचा गलका, कुठेतरी स्पीकर लागलेला, आणि पडद्यावर त्यांचं फक्त कपाळ.

"फूल दाखवा! थे नाई, थे कालचं हाय. त्याच्या बाजूचं. भाऊ, अंगठा काढा न मोबाइलवरून!"

"बाई, एका हातानं फोन धरू की फूल?"

"सूनबाईपाशी द्या न फोन! थे काऊन उभी हाय नुसती?"

आठही दिवस हे असं चाललं. त्या परत यायच्या आदल्या दिवशी मी फोनवर सांगितलं की बारा फळं धरली आहेत.

"बाराच? मी असती तं वीस धरली असती," त्या म्हणाल्या. "बरं, मी येऊ परेंत एकही तोडू नका."

काका आमच्या ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. आधी धरलेली चार कटुर्ली आम्ही दुपारीच तोडली होती, आणि ती तव्यावर होती.